जुन्या संगणकाची रॅम ओळखताना

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंटेलचा पेंटियम थ्री बाजारात आला होता, आणि २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाल्यावर संगणक हा शब्द तालुक्याच्या गावांत घरोघरी पोचला. त्या काळात असेंबल केलेले सीपीयू अजून कुठे डीटीपीवाल्याच्या माळ्यावर, कुठे भंगाराच्या ढिगात सापडतात. काहींना आजही काम असतं. जुन्या फॉन्टांत जुळवलेल्या लग्नपत्रिका आणि मतदारयाद्या नव्या यंत्रावर उघडल्या की अक्षरांचा नुसता काला होतो. प्रिंटरच्या पोर्टात डोंगल खोचल्याशिवाय न चालणारं मराठी टंकनाचं सॉफ्टवेअर असतं. आणि सी-डॅकचं जिस्ट कार्ड कोणाकडे असेलच, तर त्याला आयएसए स्लॉट असलेलाच बोर्ड लागतो. असं यंत्र पुन्हा उभं करताना पहिली अडचण बहुधा रॅमची येते. डबाभर पट्ट्या असतात, पण कुठली कुठे चालेल हे कळत नाही.

आधी लांबी बघा. साधारण नऊ सेंटिमीटरची, ३० पिनांची पट्टी म्हणजे ३८६ आणि सुरुवातीच्या ४८६ चा काळ. पावणेअकरा सेंटिमीटरची, मधोमध अर्धगोल खाच असलेली ती ७२ पिनांची. या दोन्ही स्लॉटमध्ये तिरक्या घालून मग उभ्या कराव्या लागतात. सव्वातेरा सेंटिमीटरची, सरळ दाबून बसणारी आणि दोन्ही टोकांना पांढऱ्या खिट्ट्या अडकवणारी पट्टी असेल, तर खालच्या कडेच्या खाचा मोजा. दोन असतील तर १६८ पिनांची एसडी रॅम, एक असेल तर डीडीआर किंवा तिची पुढची पिढी. पहिली डीडीआर १८४ पिनांची, तर डीडीआर-टू आणि थ्री दोन्ही २४० पिनांच्या, पण खाचेची जागा वेगळी. व्होल्टेजही प्रत्येक पिढीत उतरत गेलं: एसडी रॅमला ३.३, मग २.५, १.८ आणि १.५. खाच ही त्यासाठीच ठेवलेली आहे. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये; बहुतेक वेळा बोर्डाचंच बरोबर असतं.

पिनांच्या संख्येत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ३० पिनांची पट्टी एका वेळी ८ बिट देते, ७२ ची ३२ आणि १६८ ची ६४. प्रोसेसरचा डेटा बस जितका रुंद, तितकी रुंदी पट्ट्यांनी मिळून भरावी लागते. ३८६ डीएक्सला ३० पिनांच्या चार लागतात त्या यामुळे. ४८६ ला ७२ ची एक पुरते, पण पेंटियमचा बस ६४ बिटांचा, म्हणून तिथे ७२ च्या दोन एकसारख्या हव्यात. पेंटियमवर एकच ७२ पिनांची पट्टी लावून “बोर्ड गेला” म्हणणारे भेटतात. बहुतेकदा बोर्ड ठणठणीत असतो. त्याला जोडी मिळालेली नसते.

आता पट्टीवर किती एमबी, हा प्रश्न. स्टिकरवर जाऊ नका. पंचवीस वर्षांत ते किती हातांनी काढून कुठे चिकटवले असतील, सांगता येत नाही. वसमतच्या बाजारात हळदीचा व्यापारी पोत्यावरची चिठ्ठी वाचून भाव करत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतो. इथे मोडायची गरज नाही, पण वाचायचं ते चिपवरचं. मायक्रॉनची चिप त्यात सर्वांत सरळ. एमटी४८एलसी१६एम८ए२ असं लिहिलेलं असेल तर ४८एलसी म्हणजे एसडी रॅम, आणि १६एम८ म्हणजे १६ गुणिले ८, अर्थात १२८ मेगाबिट. आठ मेगाबिटांचा एक मेगाबाइट, म्हणजे चिपमागे १६ एमबी. पट्टीवर अशा आठ चिप असतील तर १२८ एमबी, दोन्ही बाजू मिळून सोळा असतील तर २५६. बाकी कंपन्यांची नंबर लिहायची रीत वेगळी, पण बहुतेकांत चिपची क्षमता आणि रुंदी कुठेतरी दडलेली असते. आठांऐवजी नऊ चिप दिसल्या तर नववी चुका पकडण्यासाठी. साध्या बोर्डावर तशी पट्टी बहुधा चालून जाते. मात्र मध्ये आडव्या बसवलेल्या वेगळ्याच दोन-तीन चिप दिसल्या, तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड पट्टी असू शकते, आणि ती घरगुती बोर्डावर चालत नाही.

वेग नंबरच्या शेवटी, आडव्या रेघेनंतर असतो, आणि इथे फसायला होतं. ७२ पिनांच्या पट्टीवर -६ किंवा -६० म्हणजे ६० नॅनोसेकंद, -७ म्हणजे ७०. एसडी रॅमवर तोच ७ खरोखरच ७ नॅनोसेकंद. -७५ हे साडेसात, म्हणजे १३३ मेगाहर्ट्‌झची पट्टी. ७२ वाल्यांमध्ये ईडीओ आणि जुनी फास्ट पेज हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अवॉर्ड बायोसचा बोर्ड असेल तर सुरू होताना जो तक्ता येतो त्यात बँकेपुढे तो लिहिलेला असतो. एका बँकेत दोन्ही मिसळू नयेत.

मिसळण्याबद्दल लोक पट्ट्यांचा विचार करतात, आणि माझ्या मते चूक तिथेच होते. आधी विचारायचं ते चिपसेटला. बोर्डावरच्या मोठ्या चौकोनी चिपवरचा नंबर वाचा. इंटेलचा ४३०टीएक्स असेल तर ६४ एमबीच्या पुढची मेमरी कॅशमध्ये येत नाही. विंडोज ९८ वरच्या टोकाकडून मेमरी वापरतं, म्हणून १२८ एमबी घातल्यावर यंत्र जलद होण्याऐवजी मंदच वाटतं. ४४०बीएक्स हा गुणी चिपसेट, पण त्याला २५६ मेगाबिटांची चिप कळत नाही. आठ चिपांची २५६ ची पट्टी तिथे १२८ दिसते किंवा दिसतच नाही, आणि सोळा चिपांची जुनी २५६ नीट चालते. म्हणजे भंगारवाल्याकडे दोन्ही एकाच भावाने मिळत असतील, तर चिप जास्त असलेली घ्या. ८१५ कितीही भरला तरी ५१२ एमबीवर थांबतो.

एवढं पाहिल्यावर मिसळणं फार अवघड नाही. १०० आणि १३३ ची एसडी रॅम एकत्र चालते, वेग मात्र १०० चा धरायचा. पट्टीवर आठ पायांची एक छोटी चिप असते, तिच्यातून बायोस वेग वाचून घेतो. सेटिंग हाताने बदललेलं असेल तर ते ‘बाय एसपीडी’ वर आणा. ६६ ची पट्टी १०० च्या बोर्डात घातली तर चालेलच असं नाही. काही टीएक्स बोर्डांवर ७२ आणि १६८ दोन्ही प्रकारचे स्लॉट असतात. त्यातले दोन्ही भरायचा मोह टाळावा, कारण ७२ वाल्या ५ व्होल्टच्या आणि १६८ वाल्या ३.३ च्या.

हात लावण्याआधी वायर भिंतीतून काढा. एटीएक्स बोर्डाला यंत्र बंद असतानाही ५ व्होल्ट मिळत असतात. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा. काळवंडलेल्या पिना खोडरबराने घासायची आपल्याकडे रीतच आहे. ती चालते, पण हलक्या हाताने, आणि रबराचा चुरा स्लॉटपासून दूर झटकून. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर ते बरं.

सुरू केल्यावर अवॉर्डचा लांब बीप परत परत वाजला तर मेमरी नीट बसलेली नाही किंवा चालत नाही. एकेक पट्टी, एकेक स्लॉट असं करून बघा. पडद्यावर आकडा बरोबर मोजला गेला म्हणजे सगळं ठीक असं नाही. मेमटेस्ट८६ फ्लॉपी किंवा सीडीवरून रात्रभर चालवा. चूक दर वेळी त्याच पत्त्यावर आली तर बहुधा पट्टी दोषी. जागा बदलत राहिली तर स्लॉट, वेग किंवा पॉवर सप्लायकडे वळा. आणि विंडोज ९८ ला ५१२ एमबीपेक्षा जास्त देऊन ‘मेमरी अपुरी’ असा संदेश आला, तर पट्ट्या काढू नका. सिस्टिम डॉट आयएनआय फाइलमध्ये व्हीकॅशच्या विभागात मॅक्सफाइलकॅशला मर्यादा घाला.