उतारवयातील गोल्फ

भुसार मालाच्या पेढीवर जन्म घालविलेल्या माणसाने गोल्फवर लेख लिहावा, याचे काही सभासदबंधूंस नवल वाटेल. आमच्या घरीही ते वाटले. परंतु आमच्या वडोदऱ्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचे मैदान आहे; आणि पन्नाशी उलटल्यावर मधुमेहामुळे डॉक्टरांनी रोज चालण्याची सक्ती केली, तेव्हा नुसते चालण्यापेक्षा चेंडूमागे चालणे आम्हांस बरे वाटले. आज आमचे वय ६६ आहे. या खेळात वयपरत्वे काय सोडावे व काय धरावे, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो, म्हणून चार शब्द लिहितो.

नुकसान झाले ते असे. वयाच्या ६२ व्या वर्षी बाजारातील तरुण मंडळींबरोबर खेळताना त्यांचा चेंडू आमच्या पुढे चाळीस-पन्नास यार्ड जाऊ लागला. ते आम्हांस सहन होईना. आम्ही सारा जोर दंडात आणून ड्रायव्हर फिरवू लागलो. एके सकाळी कमरेत जी कळ आली, ती ऐन गव्हाच्या हंगामात आम्हांस सहा आठवडे अंथरुणास खिळवून गेली. पेढी चिरंजीवांनी चालविली, आणि आमच्यापेक्षा वाईट चालविली नाही, हे दुःख वेगळेच!

पडल्या पडल्या विचार केला, तेव्हा वखारीतील हमाल डोळ्यांपुढे आले. पूर्वी शंभर किलोची गोणी उचलणारा जुना हमाल कधी हिसका देत नसे. गुडघ्यात वाकून, भार मांड्यांवर घेऊन तो एका लयीत उठे. गोल्फचा चेंडू तर नियमाप्रमाणे ४६ ग्रॅमहून जड असूच शकत नाही, म्हणजे जुन्या मापाने चार तोळेसुद्धा नाही. त्याला बळ नको, काठीच्या टोकाचा वेग हवा. आणि तो वेग धड वळण्यातून येतो. वय झाले की कंबर व खांदे पूर्वीइतके वळत नाहीत, मग माणूस ती तूट हातांनी भरून काढू पाहतो व तेथेच फसतो. यावर सोपा उपाय म्हणजे काठी मागे नेताना (उजव्या हाताने खेळणाऱ्याने) डावी टाच जमिनीवरून थोडी उचलू द्यावी. त्यामुळे कंबर मोकळी होते. जॅक निकलॉससारखा थोर खेळाडू ऐन उमेदीतही टाच उचलीत असे, तेव्हा यात कमीपणा कसला? खेळापूर्वी दहा मिनिटे अंग मोकळे करणे मात्र चुकवू नये.

दुसरी गोष्ट हत्यारांची. मंद वेगाच्या फटक्याने चेंडू पुरेसा वर चढत नाही. म्हणून तरुणांचा नऊ अंशांचा ड्रायव्हर ठेवून अकरा-बारा अंशांचा घ्यावा. दांडा हलका व लवचिक असावा. तीन व चार क्रमांकांची लांब आयर्न आमच्या वयाच्या माणसाने कोणास तरी देऊन टाकावी व त्यांच्या जागी हायब्रिड वापरावी. नियमाने चौदाच काठ्या बाळगता येतात. बिनखपाच्या मालाने जागा का अडवावी?

तिसरी गोष्ट मनास सर्वांत अवघड. ती म्हणजे पुढच्या टीवरून खेळणे. चारशे यार्डांच्या होलला पार चार असतो. म्हणजे दोन फटक्यांत ग्रीन गाठावे व दोन पटांत चेंडू आत घालावा, असा हिशेब असतो. ज्याचा पहिला फटका १७० व दुसरा १५० यार्ड जातो, तो उत्कृष्ट खेळूनही ऐंशी यार्ड मागेच राहणार. हा दोष खेळाचा नव्हे, उभे राहण्याच्या जागेचा आहे. हे कळत असूनही आम्ही दोन वर्षे मागच्याच टीवर उभे राहत होतो. कारण एकच, लोक काय म्हणतील! प्रत्यक्षात कोणी काही म्हटले नाही. कोणाचे लक्षही नव्हते.

आता नफ्याची बाजू. बहात्तर पारच्या मैदानात दर ग्रीनवर दोन याप्रमाणे छत्तीस पट धरलेले असतात. निम्मा खेळ तेथे आहे, आणि त्याला ताकद लागत नाही. होलचा व्यास सव्वाचार इंच. आम्ही घरी सतरंजीवर एक वाटी आडवी ठेवून रोज रात्री तीन फुटांवरून पन्नास पट मारतो. मैदानावर गेल्यावर लांबच्या पटाची दिशा फारशी न घोकता अंतराचा अंदाज बसवितो. कारण तीन पट होतात ते बहुधा चेंडू आखूड वा फार लांब गेल्याने. ग्रीनच्या कडेवरूनही चेंडू उंच उडविण्यापेक्षा लोळता पाठविणे सुरक्षित.

वयाचा अडसर कोठवर, हे पाहावयाचे तर सॅम स्नीड पाहावा. १९७९ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, क्वाड सिटीज ओपन या व्यावसायिक स्पर्धेत त्याने एक फेरी ६७ फटक्यांत व शेवटची ६६ फटक्यांत संपविली. टॉम वॉटसन २००९ साली टर्नबेरी येथे ५९ व्या वर्षी ब्रिटिश ओपन जिंकण्यापासून एका पटाइतका दूर राहिला. अखेरच्या होलवर सुमारे आठ फुटांचा तो पट हुकला व पुढे प्ले-ऑफमध्ये स्टुअर्ट सिंक विजयी झाला. ताकद संपली म्हणून तो हरला नाही. दुसरा फटका ग्रीनच्या पलीकडे गेला होता!

हँडिकॅपची सोयही ज्येष्ठांनी समजून घ्यावी. २०२० पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत अखेरच्या वीस फेऱ्यांतील उत्तम आठ फेऱ्यांची सरासरी धरतात. एखादा वाईट दिवस खात्यावर कायमचा राहत नाही. आमचा हँडिकॅप २६ आहे, चिरंजीवांचा १२. म्हणून आमच्या दोघांच्या सामन्यात आम्हांस चौदा अवघड होलवर एकेक फटका सूट मिळते. गेल्या तीन रविवारी चहाचे पैसे त्यांनीच दिले.