केमिस्ट्रीत २.७८, इंग्रजीत ३.३३

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाचा जीपीए २.९ आला की इथे घरात तुलना सुरू होते : ओळखीतल्या मुलीला ३.३ आहे, मग याचंच काय बिनसलं? तो केमिस्ट्रीत मेजर करतोय आणि ती इंग्रजीत, हे कुणी लक्षातच घेत नाही. चारपैकी मोजलेला जीपीए म्हणजे सगळ्या विषयांना लावलेली एकच फूटपट्टी, हा सगळ्यांत मोठा गैरसमज.

अर्थशास्त्रज्ञ केविन रॅस्क यांनी २०१० साली ईशान्य अमेरिकेतल्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजची विभागवार सरासरी मांडली. तळाला केमिस्ट्री, २.७८. त्यावर गणित २.९० आणि अर्थशास्त्र २.९५. इंग्रजी ३.३३, तर शिक्षणशास्त्र ३.३६. या कॉलेजात २.९ मिळवणारा केमिस्ट्रीचा मुलगा सरासरीच्या वर आहे आणि ३.३ ची इंग्रजीची मुलगी किंचित खाली!

‘सायन्सला कमी, आर्ट्सला जास्त’ हेही ढोबळच. अर्थशास्त्र गणिताला खेटून आहे, मानसशास्त्रही २.९८ वरच.

‘आर्ट्सला कुठे डोकं लागतं?’ हा शेरा मात्र मला खरोखर खटकतो. जास्त ग्रेड म्हणजे सोपा विषय, असं या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. फरक मोठ्या प्रमाणात तपासण्याच्या रीतीत आहे. पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीला भलामोठा वर्ग असतो, वेळ लावून परीक्षा होते आणि गणित चुकलं की गुण गेले. साहित्याच्या छोट्या वर्गात निबंधाचा कच्चा खर्डा प्राध्यापक वाचतात, शेरे लिहितात, विद्यार्थी तो पुन्हा लिहितो आणि ग्रेड बहुधा त्या सुधारलेल्या निबंधाला मिळते. शिवाय मेडिकलला जायचं तर केमिस्ट्री घ्यावीच लागते. तिथे कडक तपासलं तरी वर्ग भरतो. साहित्याच्या विभागाला विद्यार्थी टिकवायचे असतात.

मुलं केवळ आवडीवरून विषय निवडतात, असंही नाही. वेल्सली कॉलेजने २००४ मध्ये नियम केला, की सुरुवातीच्या आणि मधल्या पातळीच्या वर्गांची सरासरी ३.३३ च्या वर जाऊ नये. विज्ञान आणि अर्थशास्त्र विभाग बहुतांशी आधीच त्या मर्यादेत होते. झळ लागली ती बाकीच्यांना. तिथे ग्रेड उतरल्या, पाठोपाठ विद्यार्थी कमी झाले, त्या विषयांत मेजर करणारेही घटले. प्राध्यापकांबद्दलचे अभिप्रायसुद्धा खालावले. उलट बाजूने पाहिलं तर पहिल्याच सत्रात बी मायनस पाहून केमिस्ट्री सोडणारा विद्यार्थी कदाचित त्या वर्गात सरासरीइतकाच चांगला असतो, आणि ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. हे नुकसान मला जास्त गंभीर वाटतं.

मग सगळीकडे सक्तीने मर्यादा घालावी? प्रिन्स्टनने २००४ मध्ये ‘ए’ श्रेणी साधारण ३५ टक्क्यांपर्यंत रोखायचं ठरवलं आणि २०१४ मध्ये ते धोरण मागे घेतलं. डार्टमथची वाट मला अधिक पटते. १९९० च्या दशकापासून तिथल्या गुणपत्रकावर विद्यार्थ्याच्या ग्रेडशेजारी त्या वर्गाची मध्यक ग्रेड आणि विद्यार्थिसंख्या छापली जाते. फार छोटे वर्ग तेवढे वगळतात. बी प्लसच्या बाजूला मध्यक बी दिसला, की वाचणाऱ्याला तो विद्यार्थी वर्गात कुठे आहे ते कळतं. गुणपत्रकावर ही सोय नसेल, तर मुलाला ‘किती मिळाले?’च्या जोडीला ‘वर्गाचं किती होतं?’ हेही विचारा. बऱ्याच वर्गांत परीक्षेनंतर सरासरी सांगितली जाते.