चार तळहातांवरची गाडी
(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, १९९० सालच्या ‘अग्निपथ’मुळे अनेकांना मांडवा नावापुरता ठाऊक होता. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून इथे रो-रो बोट सुरू झाली आणि मांडव्याच्या धक्क्याचं रूपच पालटलं. गेटवेहून लाँचने आलेला माणूस आजही अलिबागची बस पकडतो. पण आता तासाभराच्या प्रवासानंतर बोटीच्या पोटातून गाड्याही बाहेर पडतात. त्यातल्या कितीतरी उंच, दणकट, मागे ‘फोर बाय फोर’ किंवा ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ असं लिहिलेल्या. त्यांचे टायर रुंद आणि रुबाबदार असतात. काही वर्षांनी ते झिजतात आणि मालकापुढे प्रश्न उभा राहतो : आता कोणते टायर घ्यावेत?

कवीचा आणि टायरचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध रस्त्यावरच्या प्रत्येकाचा आहे. आवास, सासवणे, किहीम, चोंढी या बाजूचे रस्ते अरुंद, वळणांचे. बऱ्याच ठिकाणी पायी चालणाऱ्याला वेगळी जागाच नाही. पावसात छत्री सावरत शाळेतून येणारं पोर आणि दोन टनांची गाडी यांच्यामध्ये असतं ते फक्त टायरचं रबर.

ओढणं वेगळं, थांबणं वेगळं

आधी एक गैरसमज दूर करू. माझा पुतण्या मला म्हणाला, ‘‘चाचा, गाडी फोर-व्हील आहे, पावसाची कसली भीती?’’ पुष्कळांना असंच वाटतं. फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांपर्यंत पोचते. चिखलातून निघायला, ओला चढ चढायला त्याचा उपयोग होतो. पण ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतातच. थांबताना आणि वळताना फोर-व्हीलची गाडी इतर गाड्यांसारखीच, उलट वजनाने जड. शिवाय सुटताना तिचं चाक घसरत नाही, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे चालवणाऱ्याला कळतच नाही. ते कळतं ब्रेक दाबल्यावर.

आता एक साधा हिशेब करू. गाडीचं वजन १८०० किलो. टायरमध्ये हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. भागाकार केला तर चारही टायर मिळून रस्त्याला टेकलेली जागा येते सुमारे ७८० चौरस सेंटिमीटर. एका टायरच्या वाट्याला १९५. म्हणजे बोटांसकट एक तळहात! एवढी मोठी गाडी अशा चार तळहातांवर उभी असते, धावते आणि थांबते. टायर निवडायचा म्हणजे हे तळहात कसे असावेत ते ठरवायचं.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरवर, ब्रेक लागल्यापासून साधारण १८ मीटरमध्ये थांबते. पकड निम्मी झाली की हेच अंतर दुप्पट, म्हणजे ३५ मीटरच्या वर जातं. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून बुळबुळीत थर होतो. पुढे लाल माती आणि ओली पानं येतात. आणि धो-धो पावसात साचलेलं पाणी टायरखालून वेळेवर बाहेर गेलं नाही, तर टायर चक्क पाण्यावर तरंगतो. मग स्टिअरिंग फिरवा की ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही.

ते पाणी बाहेर काढायचं काम टायरवरच्या खाचांचं. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. कायद्याने १.६ मिलिमीटर ही किमान मर्यादा आहे. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात; झीज त्यांच्या पातळीला आली की टायर बाद. पण ही मर्यादा म्हणजे शेवटची पायरी. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या किनाऱ्यावर ३ मिलिमीटर उरले की नवे टायर घ्यावेत. टायर पुरता गोटा होईपर्यंत थांबणं म्हणजे काटकसर नव्हे. आणि टायर जितका रुंद, तितकं जास्त पाणी त्याला बाजूला सारावं लागतं. म्हणून झिजलेला रुंद टायर अधिकच धोक्याचा.

परफॉर्मन्स टायर म्हणजे काय?

दुकानात ‘परफॉर्मन्स टायर’ म्हणून जे दाखवतात, त्यांचं रबर मऊ आणि चिकट असतं. त्यात सिलिका मिसळलेली असते, तिने ओल्या रस्त्यावरची पकड वाढते. बाजू आखूड आणि ताठ असते, म्हणून वळणावर गाडी डोलत नाही. गुण खरे आहेत, पण त्यांची किंमत द्यावी लागते. मऊ रबर लवकर झिजतं. आखूड बाजूचा टायर खड्ड्यात आपटला की रिम आणि खड्डा यांच्यात चिरडतो, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. पावसाळ्यातले आपले रस्ते डोळ्यांपुढे आणा, म्हणजे मोठ्या रिमवर पातळ टायर चढवण्याची हौस किती महाग पडते ते कळेल.

टायरच्या अंगावरची अक्षरं

टायरच्या बाजूला त्याची जन्मपत्रिका लिहिलेली असते. उदाहरणार्थ, २३५/६० आर १८, १०३ व्ही. २३५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ६० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के. आर म्हणजे रेडियल, १८ हा रिमचा इंचातला व्यास. १०३ हा भारांक : एका टायरने ८७५ किलो पेलावेत. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. ‘मांडवा-अलिबाग रस्त्यावर कोण २४० ने जाणार?’ प्रश्न रास्त आहे. पण हे अक्षर टायर किती उष्णता सोसतो तेही सांगतं. म्हणून गाडीच्या कंपनीने दिलेल्या भारांकाच्या आणि वेगाच्या अक्षराच्या खाली उतरू नये.

पुढे चार आकडी तारीख असते. ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पैसे देण्याआधी हे आकडे स्वतः वाकून वाचावेत. रबर वापराविनाही म्हातारं होतं. पाच वर्षांनंतर टायरची दरवर्षी तपासणी करावी आणि खाचा कितीही शाबूत असल्या तरी दहाव्या वर्षापलीकडे तो वापरू नये, असा जाणकारांचा सल्ला असतो. इथल्या बंगल्यांतून महिनोन् महिने एका जागी उभ्या असलेल्या गाड्यांना हे विशेष लागू. त्यांचे टायर दिसतात नवे. पण ऊन खाऊन बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात, हवाही उतरलेली असते.

एक बदलायचा की चारही?

फोर-व्हील गाडीचा खरा पेच इथे आहे. साध्या गाडीचे दोन टायर बदलून भागतं. इथे तसं नाही. वरच्याच मापाचा नवा टायर आणि त्याचाच ४ मिलिमीटर झिजलेला भाऊ घ्या. झिजलेल्याचा घेर लहान, म्हणून त्याला दर किलोमीटरला सुमारे पावणेपाच फेरे जास्त मारावे लागतात. मांडवा ते अलिबाग या सुमारे २० किलोमीटरमध्ये नव्वदच्या वर फेरे! पुढच्या आणि मागच्या चाकांमधला हा फरक त्यांना जोडणाऱ्या यंत्रणेला सतत पचवावा लागतो. ती तापते, झिजते, आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च चार टायरांच्याही पुढे जाऊ शकतो.

म्हणून चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि जवळपास सारखे झिजलेले असावेत. दर आठ-दहा हजार किलोमीटरला त्यांची अदलाबदल करावी, म्हणजे झीज सारखी होते. एखादा टायर मध्येच निकामी झाला तर फरक किती चालेल ते गाडीच्या पुस्तकात पाहावं. बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिलिमीटरच्या आतच मुभा असते. जुन्या जीप किंवा जिप्सीसारख्या गाडीत फोर-व्हील हवं तेव्हा लिव्हरने लावतात. तिथे कोरड्या डांबरावर ते लावूच नये. आणि स्टेपनी लहान मापाची असेल, तर तिच्यावर हळू आणि फक्त जवळच्या दुकानापर्यंत जावं.

मग घ्यावा कोणता?

आपली गाडी वर्षातले किती दिवस डांबरावर असते ते प्रामाणिकपणे मोजावं. बहुतेकांचं उत्तर ‘जवळजवळ सगळे’ असंच येईल. त्यांनी कंपनीने दिलेल्या मूळ मापातला, ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारा रस्त्याचा टायर घ्यावा. परफॉर्मन्स टायर परवडत असेल आणि लवकर बदलायची तयारी असेल, तर तोही चालेल. माप मात्र मूळचंच. ज्यांच्या वाडीची वाट खरोखर चिखलाची आहे, त्यांनी ‘ऑल टेरेन’ घ्यावा. मोठमोठ्या गुट्ट्यांचे ‘मड’ टायर दिसतात मर्दानी, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी आणि आवाज जास्त.

वाळूबद्दल एकच सांगतो. कुठलाही टायर घेतला तरी किनारा हा रस्ता नव्हे. वाळूत चाक जागच्या जागी फिरू लागलं की स्वतःचाच खड्डा खणतं. चारही चाकांना ताकद असेल तर चार खड्डे! आणि भरती कुणासाठी थांबत नाही.

टायर बदलल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावी. हवा पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. नायट्रोजनसाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

श्रोतेहो, गाडी किती जोरात पळते हे इंजिन ठरवतं. ती वेळेवर थांबते की नाही हे टायर ठरवतो. म्हणून मृगाच्या आधी एकदा खाली वाकून चारही टायर नीट बघा. त्या वाकण्यात कमीपणा नाही. आपल्या गाडीसमोरून रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचं आपण एवढं देणं लागतोच.