हयातीचा दाखला आणि भिलाईचा पोस्टमन

१ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाला केंद्र सरकार 'वयोश्रेष्ठ सन्मान' देतं. २०१३ पासून त्याला राष्ट्रीय पुरस्काराचा दर्जा आहे. त्याच्या वर्गवारीत संशोधन संस्था, सेवाभावी संस्था, जिल्हा पंचायत, महापालिका, राज्य सरकार, कंपन्या असे गट आहेत. व्यक्तींसाठीचे गट म्हणजे शतायुषी, आदर्श माता, कला, क्रीडा, शौर्य. व्यक्ती म्हणून गौरव होतो तो ज्येष्ठांचाच, आणि तो व्हायलाच हवा. पण त्यांच्या दारात उभं राहून रोजचं काम करणाऱ्या माणसासाठी त्यात रकाना नाही. संपादकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग असा एखादा माणूस गाठा आणि त्याच्याबरोबर फिरून या." म्हणून नोव्हेंबरात मी नागपूरहून छत्तीसगढमधल्या भिलाईला गेलो.

भिलाईच का, तर हे शहर एकदमच म्हातारं झालं. इथल्या पोलाद कारखान्यासाठी १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातून विशी-पंचविशीतली पोरं इथे येऊन दाखल झाली. त्यात भंडारा-गोंदियाकडची आपली माणसंही होती. एकत्र भरती झालेले लोक एकत्रच निवृत्त झाले. मुलं पुण्याला, बंगळूरला, त्याहून लांब गेली. सेक्टरांमधल्या सावलीच्या रस्त्यांवर आता दर दोन-तीन क्वार्टरांआड एक म्हातारं जोडपं, नाहीतर एकटी आजी. सेक्टर ९ला कारखान्याचं मोठं रुग्णालय आहे, 'सियान सदन' हा वृद्धाश्रमही आहे; छत्तीसगढीत घरातल्या वडीलधाऱ्याला सियान म्हणतात. या दोन्हींवर पुष्कळ लिहिता येईल, पण माझा पाय अडकला तो पोस्टमनच्या पिशवीतल्या काडेपेटीएवढ्या एका यंत्रात.

ते यंत्र बोटाचे ठसे घेतं. पेन्शनर जिवंत आहे याचा पुरावा दरवर्षी द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन साहेबासमोर उभं राहावं लागे. १० नोव्हेंबर २०१४ला 'जीवन प्रमाण' ही आधारवर चालणारी सोय आली. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत २०२०च्या नोव्हेंबरपासून पोस्टमन घरी येऊन हा दाखला काढून देऊ लागला. शुल्क ७० रुपये.

मी ज्यांच्याबरोबर फिरलो ते पोस्टमन पन्नाशीचे, मितभाषी, मूळचे दुर्ग जिल्ह्यातले. पहिल्याच घरी कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये आयुष्य काढलेले एक काका होते. पोस्टमननी पेन्शन आदेशाचा (पीपीओ) नंबर, आधार, बँक खातं भरलं, यंत्र मोबाइलला जोडलं आणि काकांचा अंगठा काचेवर ठेवला. ठसा जुळला नाही. आधारच्या व्यवस्थेत या चुकीला ३०० हा क्रमांक आहे. तर्जनी ठेवली, पुन्हा ३००.

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात आणि त्यांचा नमुना जन्मभर बदलत नाही. बदलते ती कातडी. वय वाढलं की घाम कमी येतो, कातडी कोरडी पडते, तिचा ताण जातो, रेषांचे उंचवटे सपाट होतात. यंत्राला उंचवटा आणि खाच यांतला फरक दिसायला हवा, आणि तोच पुसट झालेला असतो. त्यातून हात जर फावडं, पाना आणि तापलेलं लोखंड हाताळून झिजलेले असतील, तर विचारायलाच नको. ज्या हातांनी देशाच्या रेल्वेचे रूळ घडवले, ते कोणाचे हे यंत्राला ओळखता येत नाही. मला हे फार लागलं.

पोस्टमनना ते सवयीचं होतं. "बबा, हाथ ल धो लव," ते म्हणाले. काकूंनी कोमट पाणी आणलं. हात धुऊन, पुसून झाल्यावर त्यांनी काकांचं बोट आपल्या दोन बोटांत धरून हळूहळू चोळलं. काचही पुसली. मग उजवा हात सोडून डाव्या हाताची अनामिका घेतली, कारण कामात ती कमी झिजते असा त्यांचा अनुभव. ती काचेवर आडवी न ठेवता किंचित दाबून सरळ ठेवली. हिरवा दिवा लागला. थोड्या वेळानं काकांच्या मोबाइलवर प्रमाण क्रमांकाचा संदेश आला आणि काका मराठीत म्हणाले, "चला, अजून एक वर्ष जिवंत!"

२०२१च्या नोव्हेंबरअखेरीस चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली, तेव्हापासून ठशांचा त्रास बराच कमी झालाय. पण कॅमेऱ्यासमोर पापणी लववावी लागते, म्हणजे समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे हे कळतं. पुढच्या गल्लीतल्या आजींना ऐकू कमी येत होतं. पोस्टमननी त्यांना उजेडासाठी ओसरीवर आणून बसवलं आणि स्वतःच ठळकपणे पापण्या मिचकावून दाखवल्या. आजी त्यांच्याकडे पाहायला मान वळवत आणि चेहरा चौकटीबाहेर जाई. शेवटी ते मोबाइलच्या बरोबर मागे उकिडवे बसले, म्हणजे आजींची नजर आपोआप कॅमेऱ्याकडे राहिली. ही युक्ती कोणत्याही प्रशिक्षणात असेल असं मला वाटत नाही.

अशा माणसाला टपाल खात्यात मान मिळायची एक वाट आहे: १९८४ पासून दिला जाणारा 'मेघदूत पुरस्कार'. पदक, प्रशस्तिपत्र आणि २१ हजार रुपये. पोस्टमन आणि ग्रामीण डाक सेवकही त्यासाठी पात्र असतात. कालिदासाच्या मेघाचं नाव निरोप्याला द्यावं ही कल्पना ज्याला सुचली त्याचं कौतुक वाटतं. कालिदासाचा रामगिरी म्हणजे आमचं रामटेक असं आम्ही नागपूरकर मानतो; छत्तीसगढचे लोक सरगुज्यातला रामगढ मानतात. त्या वादात पोस्टमन आणि मी चहा होईपर्यंत रमलो.

पण पुरस्कारासाठी आणि दाखल्यांच्या मोहिमेच्या कौतुकासाठी मोजायचं काय, हा खरा प्रश्न आहे. नोव्हेंबरातल्या देशव्यापी मोहिमेत २०२२ साली ३७ शहरं होती, २०२३ साली १००, २०२४ साली ८००. निघालेल्या दाखल्यांचे आकडे कोटींत गेले. ही कामगिरी मोठीच आहे. मात्र त्या आकड्यात सहज जुळलेला अंगठा आणि पाऊण तास खटपट करून जुळलेली अनामिका यांची किंमत एकच. आणि ज्या घरी तीन फेऱ्या मारूनही काही जुळलं नाही, ते घर तर मोजणीतच येत नाही. ज्याचं काम सगळ्यांत अवघड, त्याचा आकडा सगळ्यांत छोटा दिसणार.

दुर्ग जिल्ह्याच्या खेड्यांत, पाटण-धमधाकडे, हेच काम ग्रामीण डाक सेवक करतात. ते खात्याचे नियमित कर्मचारी नाहीत. २०१८च्या सुधारणेनंतर त्यांचा मूळ भत्ता कामाच्या तासांप्रमाणे दहा हजार ते साडेचौदा हजारांपासून सुरू होतो. काम चार-पाच तासांचं धरलेलं. म्हाताऱ्यांची घरं त्या तासांत मावत नाहीत.

पेन्शनरांची बाजूही सोपी नाही. कारखान्यातले बहुतेक जण १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेतले. तिच्यात किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपयांवरच आहे. ती वाढावी म्हणून बुलढाण्याचे कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं आंदोलन चाललंय. हजारातून ७० रुपये देताना माणूस विचार करायचा. २०२५च्या नोव्हेंबरात भविष्य निर्वाह निधी संघटनेनं टपाल बँकेशी करार करून घरपोच दाखल्याचा खर्च स्वतः उचलायचं ठरवलं, हे फार चांगलं झालं. पण ते किती घरांपर्यंत पोहोचलंय? आम्ही गेलो त्यांतल्या दोन घरी तरी ठाऊक नव्हतं. त्याच घरांत दुसरी भीती मात्र पक्की पोहोचली होती: 'दाखला संपला, ओटीपी सांगा' असे फोन येतात. त्यामुळे खऱ्या पोस्टमनलाही आधी दारातच उलटतपासणी द्यावी लागते. ते रागावत नाहीत. "विचारायलाच पाहिजे," एवढंच म्हणतात.

माझं मागणं साधं आहे. मेघदूत पुरस्काराच्या निकषांत आणि नोव्हेंबरच्या मोहिमेत घरी जाऊन काढलेले दाखले वेगळे मोजा, ऐंशीच्या पुढच्यांचे आणखी वेगळे मोजा, आणि न जुळलेल्या प्रयत्नांचीही नोंद ठेवा. 'वयोश्रेष्ठ'मध्ये संस्थांच्या बरोबरीनं सेवा देणाऱ्या एका कर्मचाऱ्यासाठी गट उघडा.

आणि ज्यांचे आईवडील भिलाईत किंवा अशाच कुठल्या गावी एकटे राहतात त्यांना एक सांगणं. १९९५च्या योजनेतला हयातीचा दाखला वर्षभरात केव्हाही देता येतो आणि दिल्या तारखेपासून एक वर्ष चालतो. नोव्हेंबरच्या गर्दीची वाट पाहायची गरज नाही. ती तारीख आपल्याकडे लिहून ठेवा, महिनाभर आधी पोस्टात कळवा आणि आईवडिलांना बजावून सांगा, की दाखल्यासाठी फोनवर कोणालाही ओटीपी द्यायचा नाही.