लघुग्रह क्रमांक २६०२

मंगळ व गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान फिरणाऱ्या असंख्य लघुग्रहांपैकी २६०२ क्रमांकाच्या लघुग्रहाचे नाव आहे ‘मूर’. हे मूर म्हणजे इंग्लंडचे पॅट्रिक मूर (१९२३–२०१२). ना विद्यापीठाची पदवी, ना वेधशाळेत नोकरी! हृदयविकारामुळे शाळाही धड झाली नाही. तरी एप्रिल १९५७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे पंचावन्न वर्षे, बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर दरमहा त्यांनी लोकांना आकाश समजावून सांगितले. जुलै २००४ चा एक भाग तेवढा चुकला, तोही अन्नविषबाधेमुळे! पत्रांना ते जुनाट टाइपरायटरवर स्वतः उत्तरे देत.

दुर्बिणीतून पाहून चंद्राची चित्रे काढणे हा मूर यांचा आवडता उद्योग. लघुग्रह ओळखायलाही कागद-पेन्सिलच कामी येते. सुमारे ५२५ किलोमीटर व्यासाचा व्हेस्टा पृथ्वीजवळ येतो तेव्हा साध्या द्विनेत्रीतूनही दिसतो. अडचण एवढीच, की तो हुबेहूब ताऱ्यासारखा दिसतो. मग ओळखायचा कसा? तो ज्या तारकासमूहात असेल तेथील सारे ठिपके कागदावर उतरवा. दोन-तीन रात्रींनी पुन्हा उतरवा. तारे एकमेकांच्या संदर्भात जागच्या जागी असतील. सरकलेला ठिपका म्हणजे व्हेस्टा! १८०१ साली पियाझ्झी यांना सेरेस सापडला तो असाच सरकताना.

शिक्षकांना एक विनंती. व्हेस्टा कोणता, हे आधी सांगू नका. दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरायला लावा. तो मुलेच दाखवतील.