भूक पन्नाशीत गाठते

औषधाच्या दुकानांत मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या नेणाऱ्यांची वर्दळ रोजचीच. या आजारांचं मूळ केवळ आजच्या खाण्यात शोधून भागत नाही. काही वेळा ते आई गरोदर असतानाच्या तिच्या ताटात सापडतं.

कुपोषण म्हटलं की आपल्याला मेळघाटातले बालमृत्यू आठवतात. जगात पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या मृत्यूंशी कुपोषणाचा संबंध आहे. पण जी मुलं वाचतात, त्यांचं पुढे काय होतं?

1989 मध्ये संशोधक डेव्हिड बार्कर यांनी इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमधल्या जुन्या नोंदी तपासल्या. वर्षाचे असताना ज्यांचं वजन कमी भरलं होतं, त्या पुरुषांत पुढे हृदयविकाराने झालेले मृत्यू अधिक आढळले. नेदरलँड्समधल्या 1944-45 च्या उपासमारीत जे गर्भात होते, त्यांच्यात मोठेपणी रक्तातली साखर बिघडलेली दिसली. नायजेरियात बियाफ्रा युद्धाच्या (1967-70) दुष्काळात जन्मलेल्यांतही साखर आणि रक्तदाबाच्या तक्रारी जास्त निघाल्या.

याचं कारण शरीराच्या घडणीत आहे. अन्न तोकडं पडलं की गर्भ आधी मेंदू सांभाळतो. स्वादुपिंड, मूत्रपिंड आणि स्नायूंच्या वाट्याला कमी येतं. मूत्रपिंडातल्या गाळण्या जन्माआधीच तयार होतात, नंतर नव्या बनत नाहीत. अशा शरीराला पुढे भरपूर खाणं आणि बैठं काम मिळालं की ताण असह्य होतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5 किलो. पण आपली बाळं दिसायला हडकुळी असूनही त्यांच्या अंगात चरबी तुलनेने जास्त होती. बहुसंख्य मातांत ब-12 जीवनसत्त्व कमी होतं.

गर्भात उपाशी राहिलेल्या माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार किंवा मूत्रपिंड निकामी झाल्याची नोंद होते. त्यामागची भूक कुठेच मोजली जात नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत. त्यांना सकस आहार द्यायलाच हवा. पण सुरुवात किशोरवयीन मुलींच्या ताटापासून, दूध, दही, अंडी, डाळींपासून व्हावी. आणि ज्यांचं जन्मवजन अडीच किलोहून कमी होतं, त्यांनी तिशीनंतर दरवर्षी साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा.