लॉकरमधला फोन कशाने दमतो?

सातची फर्स्ट शिफ्ट. समजा, गेटवर पंच करताना फोनमध्ये ९२ टक्के बॅटरी होती. फोन लॉकरमध्ये गेला आणि साडेतीनला शिफ्ट सुटल्यावर बाहेर आला, तर आकडा ५१. दिवसभरात ना एक रील पाहिली, ना कोणाला फोन लावला. चाकण, म्हाळुंगे, भोसरीच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. मग कॅन्टीनमध्ये कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, "बॅटरी गेली, बदलून टाक." खिशात हात घालण्याआधी थोडा हिशेब करू.

फोनची बॅटरी ५००० एमएएचची धरा. ४१ टक्के म्हणजे २०५० एमएएच. साडेआठ तासांनी भागलं की तासाला साधारण २४०. चांगल्या रेंजमध्ये नुसता पडून असलेला फोन तासाला एखादा टक्का, म्हणजे ५० एमएएच किंवा त्याहूनही कमी खातो. याचा अर्थ लॉकरमध्ये फोन झोपलेला नव्हता. त्याचं काहीतरी काम चालू होतं.

डब्यात डबा

स्क्रीनवरच्या रेंजच्या रेघा टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत किती पोचतो ते दाखवतात. पण फोनलाही टॉवरला उत्तर द्यावं लागतं, आणि त्याची वीज आपल्या बॅटरीतून जाते. टॉवर जवळ असेल तर फोन कुजबुजतो, लांब असेल तर ओरडतो. ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॉट ताकदीने बोलू शकतो आणि कमीत कमी ०.०००१ मिलिवॉटने. या दोन टोकांत २० लाख पटींचं अंतर आहे. बॅटरीचा खर्च अर्थातच २० लाख पट वाढत नाही, कारण फोनमध्ये इतरही बरंच काही चालू असतं. पण रेंज कमी असली की फोन नुसता ओरडत नाही, सावकाशही बोलतो. जो मेसेज क्षणात यायचा त्याला जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ ओरडणं चालूच राहतं. रेंज पुरती गेली तर फोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी पुन्हा पुन्हा चाळत बसतो.

आता एमआयडीसीतली शेड डोळ्यांसमोर आणा. वर पत्रा, बाजूंनीही बराचसा पत्रा. धातूचा पत्रा रेडिओलहरी परतवून लावतो, त्या आत येतात त्या मुख्यतः दारं, खिडक्या आणि फटींतून. म्हणूनच चहाच्या सुट्टीत दाराशी गेलं की खिशातला फोन एकदम टुंगटुंग करायला लागतो. त्यात लॉकरही पत्र्याचाच. डब्यात डबा, आणि आतल्या डब्यात टॉवरला हाका मारणारा फोन.

ड्युअल सिम असेल तर हाका मारणारे दोन. अनेकांच्या फोनमध्ये इथलं एक सिम असतं आणि गावाकडचं एक, बँकेच्या ओटीपीसाठी जपलेलं. त्या दुसऱ्या कंपनीची रेंज शेडमध्ये येत नसेल, तरी ते सिम आपला शोध सोडत नाही.

तीन रात्रींची परीक्षा

दोष रेंजचा, ॲपचा की बॅटरीचाच, हे ओळखायला दुकानात जायची गरज नाही. वही आणि तीन रात्री पुरतात. तिन्ही रात्री फोन साधारण ८० टक्क्यांवर असताना, चार्जर न लावता, उशाशी ठेवायचा.

पहिल्या रात्री एअरप्लेन मोड लावा. झोपताना आणि उठल्यावरचा आकडा लिहा. दुसऱ्या रात्री एअरप्लेन मोड तसाच ठेवून फक्त वायफाय चालू करा. आता ॲपना इंटरनेट मिळेल, पण टॉवरशी बोलणं बंद राहील. तिसऱ्या रात्री वायफाय बंद करा आणि फोन नेहमीसारखा सिमवर, मोबाइल डेटा चालू ठेवून सोडा.

पहिल्या रात्री आठ तासांत दोन-चार टक्केच उतरले तर बॅटरीवर आळ घेऊ नका. पहिली रात्र ठीक आणि दुसरी वाईट, तर ॲप जागं राहतंय. दोन्ही ठीक आणि तिसरी वाईट, तर खोलीवरही रेंजचीच अडचण आहे. तिन्ही रात्री ठीक आणि फक्त शिफ्टमध्ये आकडा कोसळत असेल, तर चोर लॉकरमध्ये आहे. पहिलीच रात्र वाईट गेली तर फोन रीस्टार्ट करून पुन्हा बघा. तरीही तेच, तर बॅटरीच्या वयाचा विचार करा.

रेंज आकड्यात बघायची असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस इथे सिग्नल स्ट्रेंग्थ दिसते. आकडा उणे असतो. ४जीवर उणे ८५च्या आसपास म्हणजे छान, उणे ११०च्या पुढे म्हणजे फोन धापा टाकतोय. दर १० अंकांना सिग्नल दहापट कमी होतो, त्यामुळे ८५ आणि १०५ यांतला फरक शंभरपट आहे.

उपाय

लॉकरचा उपाय सगळ्यात सोपा आहे. आत ठेवताना एअरप्लेन मोड लावा किंवा फोन सरळ बंद करा. तिथे वाजला तरी तुम्हाला ऐकू येणार नसतो. घरच्यांना अडीअडचणीसाठी कंपनीच्या सिक्युरिटी केबिनचा नंबर देऊन ठेवा.

फोन जवळ बाळगायची मुभा असेल तर शिफ्टपुरतं रेंज नसलेलं सिम सेटिंग्जमधून बंद करा. ५जी येत-जात असेल तर नेटवर्क ४जीवर ठेवा. वापरायला मिळणारं वायफाय असेल आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंगची सोय असेल तर ती चालू करा.

ॲपचा संशय असेल तर सेटिंग्जमधली बॅटरी यूसेजची यादी उघडा. जे ॲप दिवसभरात दोन मिनिटं उघडलं आणि तरी यादीत वर बसलंय, ते पाठीमागे काम करतंय. त्याचा बॅकग्राउंड वापर रिस्ट्रिक्टेड करा, लोकेशनची परवानगी 'ॲप वापरताना'पुरतीच ठेवा. व्हॉट्सॲपला मात्र असं बांधू नका, मेसेज उशिरा येतील. दर दहा मिनिटांनी सगळी ॲप वर सरकवून बंद करण्याची सवयही सोडा. बंद केलेलं ॲप पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला उलट जास्त वीज लागते.

डार्क मोडबद्दलही बरंच बोललं जातं. तो कामाचा आहे ते ओलेड स्क्रीनवर, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. पण अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजलं तेव्हा ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना बचत सरासरी ३ ते ९ टक्केच निघाली, पूर्ण ब्राइटनेसवर मात्र ३९ ते ४७ टक्के. त्यामुळे आधी ब्राइटनेस खाली आणा.

उष्णता आणि वय

लिथियम बॅटरीला उन्हाचं वावडं असतं. चाकणमध्ये तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ या इलेक्ट्रिक कारमध्ये ७९ किलोवॉट-तासांपर्यंतची बॅटरी मिळते, म्हणजे आपल्या फोनच्या साधारण चार हजार बॅटऱ्या. तिला थंड ठेवायची वेगळी यंत्रणा असते. फोनकडे फक्त स्वतःची पाठ आहे. मे महिन्यात नाशिक हायवेवर, बाइकच्या हँडलला अडकवून, मॅप लावून आणि वर चार्जिंगही करत नेलेला फोन एकाच वेळी तिन्हीकडून तापतो. रात्री गादीवर किंवा उशीखाली ठेवून चार्जिंग केलं तरी तेच होतं.

बॅटरीचं आयुष्य चार्जच्या फेऱ्यांत मोजतात. दोनदा ५० टक्के वापरली की एक फेरी. बऱ्याच फोनमध्ये सुमारे ५०० फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरते, काही नव्या फोनमध्ये ती त्याहून जास्त फेऱ्या टिकते. १५-२० टक्के दाखवत असतानाच फोन अचानक बंद पडत असेल तर बॅटरी खरंच म्हातारी झाली. ती बदलताना तिच्यावर बीआयएसची खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. मागचं झाकण उचललं जात असेल तर बॅटरी फुगली आहे. तिला चार्जिंगला लावू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या.

एवढं तपासल्यावर कॅन्टीनमधला सल्ला कदाचित खराही ठरेल. पण तिन्ही रात्री ठीक गेल्या असतील तर नवी बॅटरी घालूनही काही बदलणार नाही. त्याच लॉकरमध्ये, त्याच पत्र्याआड तीही साडेतीनला ५१वरच भेटेल.